न जाणारा डाग

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला सावर्डे दोन गोष्टींनी माहीत असतं. एक, डेरवणच्या शिवसृष्टीला जायचा रस्ता इथून लागतो. दुसरी गोष्ट कात. खैराचे ओंडके भरलेला ट्रक पुढे चालला असेल, तर मागच्या गाडीतलं कुणी ना कुणी सांगतंच, की पानाला लागतो तो कात इकडे होतो. चित्रकारांच्या जगात मात्र सावर्ड्याची ओळख तिसरीच आहे. गोविंदराव निकमांनी उभ्या केलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेचं चित्रकला महाविद्यालय या गावात आहे. पाठीला बोर्ड आणि हातात पाण्याची बाटली घेऊन शेताच्या बांधावर जलरंग करत बसलेली पोरं इकडे कुणाला नवलाची वाटत नाहीत.

पण कात आणि चित्रकला या दोन गोष्टी गावात एकमेकींना ओळख न देता राहतात. खरं तर त्यांची जुनी सोयरीक आहे, आणि ती जुळते कापडावर. ती मला कुठल्या पुस्तकाने नाही, आजीने सांगितली.

आजीच्या लहानपणी दिवाळी उलटली, भात घरात आलं, की कातोडी रानात उतरत. कातकऱ्यांना आजी शेवटपर्यंत कातोडीच म्हणायची. तिच्या वडलांच्या वरकस जमिनीच्या वरच्या अंगाला खैराची बरीच झाडं होती. पहिल्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी कातोडी त्याला शेंदूर लावत, नारळ फोडत, धूप घालत आणि हात जोडून काहीतरी पुटपुटत. पोरांना जवळ यायची बंदी असे, म्हणून आजीला तेवढंच नीट आठवत होतं. मग बाहेरचं पांढरं लाकूड तासून काढायचं आणि आतल्या लाल गाभ्याचे बारीक ढलपे करायचे. लांब चर खणून त्यावर मडकी मांडायची आणि ढलपे उकळायचे. तोडणं पुरुषांकडे, उकळणं-गाळणं बायकांकडे. रस आटत आटत काकवीसारखा झाला की गार करून त्याच्या वड्या पाडायच्या. सगळं रान तुरट वासाने भरून जाई. मोबदल्यात कधी पैसे, बहुतेक वेळा नाचणी आणि सुकी मासळी.

"आणि भट्टी उठायच्या आदल्या दिवशी," आजी सांगायची, "माजी आये जुनी लुगडी घेऊन जायची. मडक्याच्या तळाचा रस कोण नेनार? त्यात बुडवून आनायची." शेतात नेसायची लुगडी ती. चिखलणीला लाल मातीचे डाग त्या तपकिरी रंगात दिसत नसत. लुगडं फाटून त्याची गोधडी झाली, गोधडीची पायपुसणी झाली, तरी रंग तिथेच.

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचा औषधींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात खैराचे तुकडे उकळून कात करण्याची कृती आहे, आणि त्या रसात नाचणीचं पीठ मिसळून वड्या करतात अशीही नोंद आहे. आजीला हे वाचून दाखवता आलं असतं तर ती म्हणाली असती, भेसळ आहे ती. पुढे युरोपात पोचलेला कात तिकडच्या औषधविक्रेत्यांना जपानातून येणारी माती वाटला आणि बराच काळ ते तसंच समजून वापरत राहिले. इंग्लंडातल्या मच्छिमारांना त्याचं खरं काम कळलं. त्यांनी गलबतांची शिडं आणि जाळी कातात उकळायला सुरुवात केली. कातातल्या टॅनिनमुळे सुताला लवकर कूज लागत नाही. जुन्या इंग्रजी चित्रांत तांबूस-तपकिरी शिडांच्या होड्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी शिडांना आशियातल्या खैराचा रंग आहे. तो माल जास्त करून ब्रह्मदेशातून जाई, पण झाड तेच.

आमची एक आत्या दाभोळला दिलेली. तिकडे जाळी रंगवायला ऐनाची साल वापरत, कारण ती फुकट मिळे. नायलॉनचं जाळं आलं आणि सालीचे रांजण रिकामे झाले.

कातोडी यायचे का थांबले, याचं आजीचं उत्तर एका वाक्याचं होतं: रान सरकारचं झालं. 1878 च्या वन कायद्याने रानं राखीव झाली, खैर तोडायला परवाना लागू लागला आणि भट्टी हळूहळू ठेकेदाराच्या हातात गेली. ज्यांच्या जमातीचं नावच कातावरून पडलं, ते लोक कोळसा पाडायला आणि वीटभट्ट्यांवर गेले. आजीने पाहिल्या त्या बहुधा खाजगी मालकीच्या जमिनीवरच्या शेवटच्या भट्ट्या असाव्यात. आता कारखान्यात बाष्प आणि शीतगृहं वापरून कात निघतो. त्याचे स्फटिक वेगळे काढतात, तो पानाचा कात. मागे उरतो तो गडद, टॅनिनने भरलेला रस. कापड रंगवणाऱ्याला हवा असतो तो हा दुसरा माल, आणि सुदैवाने तो स्वस्त असतो.

हे सगळं माझ्या हातात आलं ते आमच्या एका सरांमुळे. सर चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर शाळेतल्या पोरांना भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे शिकवले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रांवर लाल खुणा केल्या. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या पडवीत मोठी पातेली मांडली आणि आम्हा चार-पाच बायकांना कापड रंगवायला शिकवू लागले. त्यांची पहिली अट होती की राजस्थानचा बुट्टा इथे काढायचा नाही. सागवानी ठसे गुजरातेतल्या पेथापूरहून मागवता येतात, पण ते मागवले की नक्षीही तिकडचीच येते. कोकणाला छापील कापडाची स्वतःची मोठी परंपरा नाही, हे सर मोकळेपणाने मान्य करत. इथल्या रानाने रंग दिला, पण तो दुसऱ्यांच्या कापडाला. मग आपल्याला मोकळं रान आहे की, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. परंपरा नसल्याचं रडगाणं गाण्यापेक्षा हे बरं.

म्हणून ठसा केळीच्या दांड्याचा. पानाचा जाड देठ आडवा कापला की चंद्रकोरीच्या आकारात हवेच्या कप्प्यांची ओळ दिसते. धारदार सुरीने एका घावात कापायचा, दोनदा सुरी चालवली की कप्पे चेपतात. कापल्यावर थोडा वेळ पालथा ठेवून पाणी निथळू द्यायचं. छापायच्या लेपाला चिंचोक्याची खळ लागते. घोंगडीला देतात तीच. चिंचोके भाजून, टरफलं काढून, दळून त्या पिठाची खळ शिजवायची आणि त्यात कात कालवायचा. लेप पातळ झाला तर कोर पसरते, घट्ट झाला तर कप्पे बुजतात. दांडा दुपारपर्यंत मऊ पडतो आणि त्याची नक्षी बदलत जाते. सकाळी छापलेल्या कोरी टोकदार आणि संध्याकाळच्या फुगीर, हे एकाच दुपट्ट्यावर दिसतं.

ठशाआधी कापडाची तयारी. कोरा मांजरपाट धुण्याचा सोडा घालून चांगला उकळायचा, नाहीतर गिरणीची खळ आणि कापसाचं मेण रंगाला आत येऊ देत नाही. अख्खं कापड रंगवायचं असेल तर कात गरम पाण्यात विरघळवायचा. पाणी गार होऊ लागलं की तो पुन्हा गढुळतो, म्हणून पातेलं मंद आचेवर ठेवावं लागतं. कापड बाहेर काढलं की फिकट, चहाचा डाग पडल्यासारखं दिसतं आणि नवशिक्यांची तोंडं उतरतात. खरा रंग पुढच्या पाण्यात आहे. चुन्याच्या निवळीत बुडवलं की तांबूसपणा चढतो. विड्यात चुना आणि कात भेटले की जे होतं, तेच इथे कापडावर होतं. मोरचुदाच्या पाण्यात घातलं की गडद, पक्का तपकिरी. हिराकसात करडा, शेवाळी छटेकडे झुकणारा. मोरचूद विषारी, त्यामुळे ती भांडी स्वयंपाकघरात परत जात नाहीत आणि ते पाणी विहिरीच्या बाजूला ओतायचं नाही. सर यावर फार कडक होते.

सरांच्या पडवीत रोज येऊन बसणारा आणि नापसंतीने मान हलवणारा माणूस म्हणजे आमचे तात्याकाका. मुंबईत एका गिरणीच्या रंगखात्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, गावोगावचे गिरणीवाले पिशव्या घेऊन उतरले, त्यांत तेही उतरले आणि परत गेले नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेलं रंगखातं असं: जिगर नावाच्या यंत्रावर कापडाचा ताका एका रुळावरून दुसऱ्यावर रंगाच्या पाण्यातून फिरत राहतो, वाफेने समोरचा माणूस दिसत नाही, आणि घरी गेल्यावर बायको नखांवरून ओळखते की आज कुठली शेड चालू होती. बॉम्बे डाइंगचा उल्लेख निघाला की काका हटकून सांगत, की नवरोजी वाडियांनी 1879 मध्ये ती सुरू केली तेव्हा तिथे यंत्रावर कापड रंगत नव्हतं. सूत हाताने लाल, हिरव्या आणि नारिंगी रंगात बुडवून उन्हात वाळत घालत. "म्हंजे तुमी आता करताय तेच," असं म्हणून ते हसत. त्या हसण्यात कौतुक नसे.

काकांचा धर्म एकच होता, शेड जुळली पाहिजे. पहिला वार आणि शेवटचा वार शेजारी धरले तर फरक दिसता कामा नये. डाग पडला तर तो तुकडा कापून फेंटमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या मालात, आणि कामगाराला जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बोलणी. सर याच्या नेमके उलट. ते मेणाने बाटिक करायचे. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घालून, ब्रशने नक्षी भरून, मेण कडक झाल्यावर कापड मुद्दाम चुरगाळायचे. मग भेगांतून रंग आत जाऊन बारीक जाळं उमटतं. काकांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून उभे राहिले. "मास्तर, ह्ये आमच्याकडं झालं असतं ना, तर जॉबर कामावरनं हाकलता." सर म्हणाले, "आमच्याकडे यालाच मार्क आहेत."

दोघांचं भांडण मला आजही मिटवता येत नाही. जावा बेटाहून बाटिकचं तंत्र शांतिनिकेतनात आलं, तिथून कलाशिक्षणात पसरलं आणि कधीतरी आमच्या पडवीपर्यंत पोचलं. या वाटेने आलेली माणसं चुरगळलेल्या भेगेत सौंदर्य पाहतात. काका दुसऱ्या वाटेने आले. जर्मनांनी आधी अलिझरिन आणि 1897 पासून नीळ कारखान्यात करून विकायला काढली. मग रंग म्हणजे डब्यावरचा नंबर झाला आणि तो नंबर दर वेळी तसाच उतरवणं ही कारागिरी झाली. तीही हाताचीच कारागिरी होती, हे मी काकांची बाजू घेऊन सांगते. नुसत्या नजरेने शेडमधला फरक हेरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सरसुद्धा रंग बसला की नाही हे शेवटी काकांना विचारत.

आजीच्या आईच्या लुगड्याची गोष्ट काकांना पटत नव्हती. म्हणून त्यांनी गिरणीतली परीक्षा लावली. हळदीचा, पळसाच्या फुलांचा, नुसत्या काताचा आणि मोरचूद दिलेल्या काताचा असे चार तुकडे घेतले. प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून कौलांवर उन्हात ठेवला. दुसरे चार सोड्याच्या पाण्यात पांढऱ्या कापडाबरोबर उकळले. हळद उन्हात उडाली आणि सोड्यात लाल होऊन वाहिली. पळस फिका पडला. नुसता कात सोड्यात उलट गडद झाला, शेजारच्या पांढऱ्या कापडाला थोडा लागला. मोरचुदवाला तसाच राहिला. काकांनी तो तुकडा उजेडाकडे धरला, अंगठ्याने घासला, आणि खिशातली वही काढून पास लिहिलं.

त्यानंतर ते आमच्यात आले. त्यांनी पातेल्यांना नंबर दिले, कात तराजूत तोलून घ्यायला लावला, कापडाच्या वजनाला किती रंग हे कोष्टक भिंतीवर चिकटवलं. सरांनी कपाळाला हात लावला, पण कोष्टक काढलं नाही. मुंबईच्या एका ओळखीच्या बाईंनी सहा दुपट्टे मागवले तेव्हा काका म्हणाले, आता बघाच एक शेड. तीन दुपट्टे एका कारखान्याच्या कातात झाले आणि कात संपला. पुढचा माल दुसऱ्या कारखान्यातून आला. वजन तेच, पाणी तेच, वेळ तीच, मोरचूदही तेवढंच. पुढचे तीन दुपट्टे आधीच्यांपेक्षा स्पष्ट तांबडे निघाले. काकांनी चुन्याचं पाणी बदलून पाहिलं, पातेलं बदलून पाहिलं. शेवटी ते खरंच दोन्ही कारखान्यांत जाऊन खैर कुठून आला याची चौकशी करून आले. एक माल घाटमाथ्याकडच्या झाडांचा होता, दुसरा खालच्या खाजगी जमिनीतल्या कोवळ्या झाडांचा.

वहीत त्यांनी लिहिलं: लॉट जुळत नाही, कारण झाड वेगळं. बाईंनी सहाच्या सहा दुपट्टे घेतले आणि तांबड्यांतले आणखी दोन मागवले. काकांनी कळवलं, तसलेच मिळतील याची हमी नाही.