खेळण्यांतील मोटारी आणि त्यांचे धनी

वसई म्हटली म्हणजे चिमाजी आप्पांचा 1739 चा विजय आणि समुद्रकांठचा पडका किल्ला एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें. परंतु रेल्वेच्या पूर्वेस, वालीव, सातिवली, गोखिवरें या बाजूच्या औद्योगिक गाळ्यांत दुसरीच वसई नांदत आहे. तेथें पोलादाचे साचे घडतात आणि वितळलेलें प्लास्टिक दाबून नित्योपयोगी वस्तु निघतात. अशा एखाद्या गाळ्यांत कोणीं शर्यतीच्या मोटारीचें, आणि तेंही उलगडून उभें केलें कीं यंत्रमानव होणारें, खेळणें काढावयाचें ठरविलें, तर पहिला प्रश्न पोलादाचा नसून धन्याचा असतो. हें रूप कोणाचें?

या प्रश्नाचा इतिहास जपानांत सुरू होतो. टोकियोच्या टाकारा कंपनीनें 1980 मध्यें 'डायाक्लोन' ही मालिका काढली. 1982 पासून तींत खऱ्या मोटारींच्या सुमारें साठाव्या हिश्श्याच्या प्रतिकृति येऊं लागल्या, आणि त्या यंत्रमानवाचें रूप घेत. नाझींच्या छळछावण्यांतून वांचलेले हेन्री ओरेनस्टाईन अमेरिकेंत खेळण्यांचे संशोधक झाले होते. त्यांनीं या खेळण्यांतील करामत ओळखून हास्ब्रो कंपनीचें मन वळविलें, आणि 1984 मध्यें तेच साचे 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें जगापुढें आले.

शर्यतीच्या मोटारींत धन्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. बांधणी एकाची, रंग दुसऱ्याचे, अंगावरील नांव तिसऱ्याचें. 1968 सालीं लोटस संघानें आपल्या मोटारी एका सिगारेटच्या तांबड्या, पांढऱ्या व सोनेरी रंगांत रंगविल्या, आणि तेव्हांपासून फॉर्म्युला वनची मोटार म्हणजे धांवता जाहिरातफलक झाली. गी लिजिए यांच्या फ्रेंच संघाची निळी जेएस-11 ही अशीच एक. नांवांतील 'जेएस' हीं अक्षरें 1968 मध्यें रूआंच्या शर्यतींत मृत्यु पावलेल्या ज्यो श्लेसर या मित्राच्या स्मरणार्थ होतीं. 1979 च्या हंगामांत झाक लाफित यांनीं या मोटारीवर अर्जेंटिना व ब्राझील येथील पहिल्या दोन्ही शर्यती जिंकल्या. टाकारानें ती 26 या क्रमांकासह खेळण्यांत उतरविली. हास्ब्रोकडे ती 'मिराज' झाली आणि जितान सिगारेटच्या नांवांतील पहिलें 'जी' हें रोमन अक्षर जाऊन तेथें 'सी' आलें! मार्टिनी मद्याच्या रंगांतील पोर्श 935, म्हणजे 'जॅझ', हिच्यावरील नांवाच्या अखेरीस एक 'आय' अधिक चिकटला. हा एका अक्षराचा लपंडाव मौजेचा खरा. पण चोरपावलानें चालणाऱ्याला वाट ठाऊक असते, तसेंच हें. बारा वर्षांच्या मुलाच्या हातीं सिगारेटचें नांव देणें शोभणारें नव्हतें, आणि मालकाच्या नांवाला हात लावण्यांत धोका आहे हेंही या कंपन्यांना उमगलें होतें.

साच्याच्या हिशेबाचा सर्वांत चांगला नमुना म्हणजे दात्सुन 280 झेडएक्स. पुढचें झांकण छाती बनतें आणि दारें पाठीवर पंखांप्रमाणें उभीं राहतात. या एका रचनेवर थोड्या फेरबदलानें तीन खेळणीं निघालीं: साधी मोटार, पोलिसांची मोटार आणि 1985 मध्यें 38 क्रमांकाची शर्यतीची 'स्मोकस्क्रीन'. साचा महाग, रंग व चिकटपट्ट्या स्वस्त! हा हिशेब वालीवच्या कारागिराला समजावून सांगावा लागणार नाहीं.

पुढें मोटारवाल्यांनीं लक्ष घातलें. 2003 मध्यें टाकारानें 'बायनलटेक' ही मालिका सुरू केली ती परवानगी घेऊनच, आणि तिचा आरंभ सुबारू इम्प्रेझाच्या रॅली-मोटारीपासून झाला. परवाना मिळाला म्हणजे दर्शनी नक्षी अचूक ठेवतां येते. पण नकार देण्याचा हक्कही मूळ धन्याकडे राहतो. बम्बलबी हा यंत्रमानव मूळचा फोक्सवॅगन बीटल; 2007 च्या चित्रपटांत मात्र तो शेव्हरोले कॅमेरो झाला, आणि बीटल पडद्यावर परतली ती 2018 मध्यें.

परवान्याचा धडा मराठी मुलखाच्या शेजारीं, गोव्यांतही गिरविला गेला. 1987 मध्यें एमआरएफ आणि हास्ब्रो यांनीं स्थापिलेल्या फनस्कूलच्या गोव्यांतील कारखान्यांत हास्ब्रोच्या परवान्यानें 'जी. आय. जो' ही सैनिकांची मालिका निघूं लागली. तींतील कित्येक बाहुल्यांचे रंग अमेरिकी बाहुल्यांहून वेगळे निघाले, आणि आज परदेशी संग्राहक त्या भिन्न रंगांच्या बाहुल्यांचाच शोध घेतात. परवाना घेऊनही स्वतःची छाप उमटते ती अशी.

वसईंतील उद्योजकानें दुसऱ्याचें रूप न घेतां स्वतः मोटार आखली तरी धन्याचा प्रश्न सुटत नाहीं. 2000 चा डिझाइन कायदा नोंदविलेल्या रूपाला 10 वर्षें आणि मुदत वाढविल्यास आणखी 5 वर्षें संरक्षण देतो. पण नोंदणीचा अर्ज तें रूप जगापुढें येण्याआधीं करावा लागतो. नोंदणीयोग्य असूनही जें रूप नोंदविलें नाहीं, त्याचा स्वामित्वहक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, यंत्रानें त्याच्या पन्नासाहून अधिक प्रती निघतांच संपतो. आणि प्लास्टिकच्या साच्यांतून पन्नास नग निघावयास सकाळची पाळी पुरी होण्याचीही गरज पडत नाहीं.