ओला रस्ता : थोडा इतिहास, थोडे गणित

बारामती-इंदापूर हा अवर्षणाचा टापू. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, आणि त्याचा मोठा वाटा परतीच्या वाटेवर, सप्टेंबरात. अशा मुलखात निसरड्या रस्त्याची चर्चा कशाला, ती कोकणात करावी, असे आपणास वाटेल. परंतु पदार्थविज्ञान नेमके उलट सांगते. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. पावसात ती काळ्या रानात रुते आणि गाडी अडून बसे. पण घसरून कुणाच्या अंगावर जाण्याइतका वेगच बैलांच्या चालीत नव्हता. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवा भरलेली रबरी धाव बसविली. (कल्पना त्यांच्याही आधीची. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते, पण रस्ता तिच्यासाठी तयार नव्हता.) त्याच दशकात नीरेचा डावा कालवा आपल्या भागात पोहोचला. एकाने पुढे रस्त्यावर वेग आणला, दुसऱ्याने ऊस. वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे कारखाने उभे राहिले आणि बैलगाडीच्या वाटेवर ट्रक व ट्रॅक्टर आले.

आता गणित. गाडी ब्रेकने थांबते असे आपण म्हणतो. ब्रेक फक्त चाक थांबवितो, गाडीला थांबविते ते टायर व रस्ता यांमधील घर्षण. पॅरिसच्या गिलोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये दाखवून दिले की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते. म्हणून पुष्कळ चालक समजतात, भरलेली गाडी रस्ता धरून राहते. ते खरे नाही. भार वाढला की घर्षण वाढते, पण थांबवायचे वस्तुमानही तितकेच वाढते. हिशेबातून वजन उडून जाते. उरतो तो वेग, आणि तोही वर्गाने.

कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरा, ओल्यावर ०.४. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्यावर सुमारे २० मीटरांत थांबेल, ओल्यावर ३५ मीटर घेईल. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा; त्यात आणखी १७ मीटर जातात. वेग ३० वर आणला, तर ओल्यावरही ब्रेकनंतर ९ मीटर पुरतात. रस्ता ओलांडणारे शाळकरी पोर ३० मीटरांवर असेल, तर सारा फरक एवढ्यातच आहे.

पाणी साचले असेल तर प्रकरण निराळेच. विमाने ओल्या धावपट्टीवरून का घसरतात याचा शोध घेताना अमेरिकेच्या नासा संस्थेतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये दाखविले की ठराविक वेगापुढे टायर पाण्यावर अक्षरशः तरंगतो. तेव्हा स्टिअरिंगही निरुपयोगी आणि ब्रेकही. हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे ठरतो. टायरमध्ये ३० पौंड हवा असेल तर ताशी सुमारे ९० किलोमीटर, २० पौंड असेल तर ७५. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. ती पाण्याला निघून जायला वाट देते. टायर गोटा झाला की ती वाट बुजली.

आता आपल्या टापूकडे परत येऊ. कोकणात पाऊस रोज रस्ता धुतो. आपल्याकडे दोन पावसांत कधी महिना जातो. तोवर डांबरावर ऑईल, रबराचा चुरा आणि धूळ यांचा थर साचतो. पहिली सर त्याला धुवून नेत नाही, नुसती कालवते, आणि चाकाखाली वंगण तयार होते. अमेरिकेतील अपघातांच्या नोंदी तपासून डॅनियल आयझेनबर्ग यांनी २००४ मध्ये हेच मांडले : मागच्या पावसाला जितके दिवस जास्त, तितका पुढचा पाऊस रस्त्यावर घातक.

गळिताच्या दिवसांत तर पावसाचीही गरज नसते. पाटाच्या पाण्याने भिजलेल्या फडातून ट्रॅक्टर बाहेर पडतो, चाकांना चिकटलेला काळा चिखल डांबरी रस्त्यावर सांडत कारखान्याकडे जातो. घर्षणांक ०.२ वर आला असे धरले, तर मागून ६० च्या वेगाने येणाऱ्या मोटारसायकलला थांबायला ७० मीटर लागतील. आभाळ निरभ्र असते, म्हणून तो वेग कमी करीत नाही.