नोंद कुठल्या वहीत?

वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास बहुधा यंत्रांच्या अंगाने लिहिला जातो. मला तो नोंदींच्या अंगाने पाहावासा वाटतो. यंत्राला रुग्ण दिसत नाही, त्याची नोंद दिसते. झाईसारख्या गावातून पाहिले की हा फरक किती मोठा आहे ते कळते.

पहिल्या टप्प्यात नोंदींपेक्षा नियमांना महत्त्व होते. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी ‘मायसिन’ ही प्रणाली रचली. जंतुसंसर्गावर कोणते प्रतिजैविक द्यावे याचे तज्ज्ञांचे ज्ञान तिच्यात शेकडो नियमांच्या रूपाने भरले होते. मेंदूज्वराच्या दहा रुग्णांबाबत तिने दिलेले सल्ले, सल्ला कोणाचा हे न सांगता, परीक्षकांपुढे ठेवले गेले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत ते तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. तरीही मायसिन वॉर्डात रुळली नाही. एकेका प्रश्नाचे उत्तर टंकत बसायला तिथे सवड कुणाला होती?

पुढे संशोधनाची दिशा बदलली. नियम शिकवण्याऐवजी यंत्रापुढे लाखो चित्रे ठेवली जाऊ लागली. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी सुमारे १ लाख २८ हजार नेत्रपटल-छायाचित्रांवरून मधुमेही दृष्टिदोष ओळखणारी पद्धत प्रसिद्ध केली. त्यांतली काही छायाचित्रे भारतातल्या नेत्ररुग्णालयांतली होती. २०१८ मध्ये मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी देशातल्या सुमारे वीस केंद्रांतून जमवलेल्या तीन लाखांहून अधिक सीटी स्कॅनवर आधारलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयतपासणीत छातीचा एक्स-रे संगणकाकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या तालुक्यांसाठी ही मोठीच गोष्ट आहे.

पण प्रयोगशाळेतले यश दवाखान्यात जसेच्या तसे उतरत नाही. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलची नेत्रतपासणी नेली, तेव्हा पाचातले सुमारे एक छायाचित्र यंत्राने नाकारले. अपुरा उजेड हे त्याचे एक कारण होते. रुग्णाला पुन्हा दुसरीकडे जाण्याचा हेलपाटा पडला, तो हिशेब कुठल्याही अचूकतेच्या टक्केवारीत नव्हता.

आता झाई. तलासरी तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. दक्षिणेला डहाणू तालुक्यातली बोर्डी, उत्तरेला लागूनच गुजरात. १ मे १९६० पूर्वी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. राज्ये वेगळी झाली. उंबरगाव तिकडे गेले, झाई इकडे राहिली. दुखणे मात्र हद्द मानत नाही. या पट्ट्यातली माणसे डहाणूला जातात, तशीच उंबरगाव, वापी, वलसाडलाही जातात. एकाच माणसाचा रक्ताचा अहवाल एका राज्यात, एक्स-रे दुसऱ्या राज्यात आणि गोळ्यांची चिठ्ठी घरातल्या पिशवीत. त्यात डहाणू-तलासरीतले कितीतरी पुरुष पावसाळा सरला की सौराष्ट्राच्या बंदरांवर खलाशी म्हणून जातात. क्षयाचे औषध नेहमीच्या पद्धतीने सहा महिने घ्यावे लागते; तो काळ होडीवर गेला, तर पुढच्या मात्रेची नोंद कोणी ठेवायची?

अपुरी नोंद काय करते, याचा पुरावा अमेरिकेत सापडला. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले, की तिथली एक प्रणाली रुग्णाच्या गरजेचा अंदाज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून बांधत होती. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी झाला होता, म्हणून ते अधिक आजारी असूनही यंत्राला कमी गरजू वाटले. उपेक्षेची नोंद तिथे निरोगीपणाची नोंद म्हणून वाचली गेली.

अलीकडे संशोधनाचा ओघ भाषा समजणाऱ्या यंत्रांकडे वळला आहे. त्यांना इंग्रजीतले अफाट वैद्यकीय लेखन उपलब्ध आहे. मांगेली वा वारली बोलीत सांगितलेली छातीतली कळ त्यांनी किती वाचली असेल?

म्हणून मला वाटते, झाईला यंत्र नको असे नव्हे, ते हवेच. पण त्याआधी तीन साधी कामे हवीत. दोन्ही राज्यांतले कागद रुग्णाच्या संमतीने एकत्र यावेत. यंत्र कोणत्या गुणांना ‘संशयित’ म्हणते, ती रेषा इथल्याच रुग्णांवर तपासून ठरावी. आणि बोट सुटण्याआधी खलाशाच्या हाती औषधांबरोबर त्याची नोंदही द्यावी. यांपैकी एकाही कामाला नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.