ताडोबातील विस्थापित गावे

ताडोबातील विस्थापित गावे : चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून, म्हणजे वाघांसाठी वस्तीविना राखावयाच्या भागातून, बाहेर हलविलेली प्रामुख्याने आदिवासी वस्तीची गावे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये आणि अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. बोटेझरी आणि कोळसा गावाचा काही भाग २००७ मध्ये मूलजवळील भगवानपूर येथे वसविण्यात आला, तर पुढील दशकात नवेगाव व जामणी ही गावे उठली. २००८ नंतरच्या केंद्रीय योजनेत कुटुंबामागे १० लाख रुपये किंवा जमीन व घरासह पुनर्वसन असे दोन पर्याय होते.

विस्थापितांच्या स्मृती जपणाऱ्या केप टाउनच्या ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ संग्रहालयात (१९९४) जमिनीवर अंथरलेल्या नकाशावर जुने रहिवासी आपल्या घरांच्या जागा नोंदवितात. ताडोबात मात्र गावांच्या खुणा निसर्गातच शोधाव्या लागतात. जामणी व नवेगावची शेते आता चितळ-गव्यांची कुरणे झाली असून गावांची नावे त्या कुरणांनाच चिकटून राहिली आहेत. वाघाशी झुंजताना मरण पावल्याचे मानल्या जाणाऱ्या तारू या गोंड पुरुषाचे ताडोबा तलावाकाठचे ठाणे आजही आदिवासींचे श्रद्धास्थान असून ‘ताडोबा’ हे नाव त्याच्यावरूनच आले, असे सांगितले जाते.