शिरस्त्राणाची कसोटी

आपल्या भागातील सायकलीचा इतिहास सांगू लागले की प्रारंभीच बेळगावचे नाव येते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. पुढे देशभर पसरलेला हा उद्योगसमूह १८८८ हे आपले प्रारंभवर्ष मानतो. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची चैन होती. दुकानदाराला ती नुसती विकून भागत नसे, गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवावी लागे. ज्या पिढीने ही विद्या आत्मसात केली तिच्या डोक्यावर पगडी, पागोटे वा रुमाल असे. पडताना त्या वस्त्राच्या घड्यांचा काही आधार झालाही असेल. परंतु पगडी ही प्रतिष्ठेसाठी होती, डोके वाचवण्यासाठी तिची योजना कोणी केली नव्हती.

याच किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशा समजुतीने शेतकऱ्यांनी प्रथम त्याकडे पाठ फिरवली. हितकारक वस्तूलाही समाजमान्यता मिळण्यास वेळ लागतो, हे त्या नांगराने शिकवले. हेल्मेटची कथा याहून वेगळी नाही. पुण्यासारख्या एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या नगरीत जानेवारी २०१९ मध्ये दुचाकीस्वारांवरील हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

आधुनिक शिरस्त्राणाच्या इतिहासाला एका अपघाताने कलाटणी दिली. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्धीस आलेले टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडात मोटारसायकलवरून जात असता, समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना कोसळले आणि १९ मे रोजी निवर्तले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या केर्न्स यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्यास होणाऱ्या दुखापतींचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. ब्रिटनमधील सामान्य नागरिकांना मात्र ही सक्ती लागू होण्यास १९७३ साल उजाडावे लागले. पुराव्यापासून कायद्यापर्यंतचे अंतर कापण्यास तेथेही बत्तीस वर्षे लागली!

सायकलस्वारांची दखल तर याहून उशिरा घेतली गेली. शर्यतीत उतरणारे लोक चामड्याच्या जाड पट्ट्यांची जाळी डोक्यावर बांधत. तिने खरचटणे टळे, पण आघात टळत नसे. आघात का टळत नाही, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. दीड मीटर उंचीवरून खाली येणारे डोके जमिनीला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर असतो. हा वेग दोन मिलिमीटरच्या अंतरात शून्यावर आला, तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी साडेसातशे पट मंदन सोसावे लागते. तोच वेग वीस मिलिमीटरमध्ये शून्यावर आला, तर हा आकडा पंच्याहत्तर पटींवर उतरतो. डोके थांबण्यास जे थोडेसे अधिक अंतर मिळते, त्यातच जीव वाचण्याचे रहस्य आहे. म्हणजेच हेल्मेटचे मर्म त्याच्या कठीणपणात नसून चिरडून जाण्यात आहे. कठीण कवच टोकदार दगडाला अडवते आणि आघात पसरवते. परंतु त्याखालचा थर स्वतः दबून नष्ट होतो आणि धक्क्याची ऊर्जा गिळतो. अमेरिकेतील रॉथ आणि लोम्बार्ड यांनी हे तत्त्व हेल्मेटात योजले व १९५३ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. सायकलस्वारांसाठी त्याचा यशस्वी उपयोग १९७५ मध्ये बेल या अमेरिकन कंपनीने बाजारात आणलेल्या हेल्मेटात झाला.

हा दबणारा थर आपल्या परिचयाचाच आहे. गणेशोत्सवात ज्याची मखरे होत असत, त्या थर्माकोलचाच तो अधिक घट्ट आणि काटेकोर असा भाऊबंद. पोलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांत पेंटेन हा वायुरूप होणारा पदार्थ मुरवलेला असतो. वाफ देताच दाणे लाह्यांसारखे फुलतात. ते काही काळ स्थिरावू देऊन साच्यात भरले जातात आणि पुन्हा वाफ दिली की एकमेकांना चिकटून टोपीचा आकार घेतात. हलक्या हेल्मेटात पॉलिकार्बोनेटचे पातळ कवच आधीच साच्यात ठेवतात, म्हणजे कवच आणि आतला थर एकजीव होतात. वाऱ्यासाठी ठेवलेली भोके दिसायला सोपी वाटतात. परंतु प्रत्येक भोकागणिक धक्का गिळणारा पदार्थ कमी होतो, म्हणून उरलेला भाग अधिक घट्ट करावा लागतो. फार घट्ट केला तर तो वेळेवर दबत नाही. वजन, वारा आणि संरक्षण या तिघांची तोंडे तीन दिशांना. त्यांच्यात समेट घडवणे हीच आरेखनकाराची कसोटी.

परंतु हा समेट खरोखर झाला आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? आंबा हुंगून घेता येतो, मडके वाजवून घेता येते. हेल्मेट मात्र आपटून पाहिले की निकामी होते. म्हणूनच परक्याने केलेल्या परीक्षेवर विसंबावे लागते आणि येथेच प्रमाणपत्राचा जन्म होतो. १९५६ मध्ये पीट स्नेल हा अमेरिकन मोटारशर्यतपटू हेल्मेट घातलेले असूनही मृत्यू पावला. त्याच्या मित्रांनी १९५७ मध्ये त्याच्या नावे संस्था स्थापून हेल्मेटांची परीक्षा आरंभली. सायकलींच्या हेल्मेटांसाठी युरोपात १९९७ मध्ये ईएन १०७८ हे मानक आले, तर अमेरिकेत सीपीएससीचा नियम १९९९ पासून सक्तीचा झाला. धातूच्या कृत्रिम मस्तकावर हेल्मेट चढवून ते पोलादी ऐरणीवर पाडतात. सपाट ऐरणीसाठी युरोपीय मानकातील वेग सुमारे दीड मीटर उंचीवरून पडण्याइतका, तर अमेरिकेची उंची दोन मीटर. मस्तकातील यंत्राने नोंदलेले मंदन युरोपात गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींपलीकडे आणि अमेरिकेत ३०० पटींपलीकडे जाता कामा नये. फूटपाथच्या कडेसारख्या ऐरणीवरही परीक्षा होते. उष्ण, गोठवणाऱ्या आणि ओल्या स्थितीतून काढलेले नमुनेही त्याच परीक्षेला बसवतात. हनुवटीचा पट्टा ताणून पाहतात, कारण पडण्यापूर्वीच उडून गेलेले हेल्मेट कोणाच्याच उपयोगाचे नाही.

या नियमांमागे कधी कधी दुःखद अनुभव उभे असतात. खेळाच्या मैदानात हेल्मेट अडकून काही बालकांचा गळा आवळला गेला, म्हणून लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळे मानक तयार झाले. त्यात ठरावीक ताण आल्यावर पट्टा आपोआप सुटण्याची सोय असते. तिरक्या आघाताने मेंदूला बसणारा पीळ जुन्या परीक्षांत मोजला जात नसे. स्वीडनमधील संशोधकांनी त्यासाठी आत सरकणारा थर शोधला. म्हणजे मानक ही अंतिम वाक्याची रेघ नव्हे. ते त्या त्या काळातील ज्ञानाची पातळी दाखवते.

आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्युरोत झाले. मोटारसायकल व स्कूटरस्वारांच्या हेल्मेटांसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाविना अशी हेल्मेटे बनवणे वा विकणे बेकायदा ठरले. अस्सल चिन्हावर वरच्या बाजूस मानकाचा क्रमांक आणि खाली कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. तो परवाना कारखान्याची तपासणी आणि नमुन्यांची परीक्षा यांवर दिला जातो. आयुष्यभर शासकीय शिक्के हाताळलेल्या माणसास एवढे समजते, की शिक्क्यामागे तपासणी असेल तरच तो शिक्का, एरवी नुसती शाई. रस्त्याच्या कडेला दंड चुकवण्यापुरती विकली जाणारी टोपी ही केवळ शाई आहे.

मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मात्र मोटारसायकलपुरते आहे. पायाने चालवायच्या सायकलीवर बसणाऱ्याला त्याचे बंधन नाही आणि म्हणून संरक्षणही नाही. फरिदाबादच्या स्टड्ससारख्या भारतीय कंपन्या सायकलींची हेल्मेटे बनवतात. ती निवडताना ईएन १०७८ अथवा सीपीएससी यांचा उल्लेख आत पाहावा. विजापूर-बागलकोटकडील सायकलपटूंना हे सांगावे लागत नाही, कारण २००३ मध्ये आंद्रेई किव्हिलेव्ह हा शर्यतपटू दगावल्यापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत हेल्मेट अनिवार्य आहे. प्रश्न आहे तो रायापूर, नवलूर, उणकल या टापूत शिकवणीला सायकलने निघालेल्या आपल्या नातवंडांचा. पी. बी. रोड रुंद झाला, २०१८ मध्ये जलद बससेवा आली, वाहनांचा वेग वाढला. सायकलवरील मुलाचे डोके मात्र पूर्वीइतकेच नाजूक राहिले.

हेल्मेटवर सारा भार टाकू नये, असे म्हणणाऱ्यांचेही ऐकले पाहिजे. नेदरलँड्समध्ये बहुतेक लोक हेल्मेटविना सायकल चालवतात, कारण तेथे सायकलींना स्वतंत्र वाट आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९० मध्ये सक्ती झाल्यावर डोक्याच्या दुखापती घटल्या, पण सायकल चालवणारी मुलेही कमी झाली. भरधाव ट्रकपुढे कोणतेही हेल्मेट पुरे पडत नाही, हेही खरे. परंतु स्वतंत्र वाट होईपर्यंत मुलांनी घरी बसावे काय? वाट मागणे हे नागरिकांचे कर्तव्य आणि डोके झाकणे हे घरच्या वडीलधाऱ्यांचे. एक दुसऱ्याला पर्याय नाही.

तेव्हा नातवाला सायकल घेऊन देताना थोडे अधिक पैसे बाजूला ठेवावेत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, सपाट बसावे. हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे, कारण त्याने आपले काम पुरे केलेले असते. आपल्या पूर्वजांनी डोक्यावरील पागोट्याची इभ्रत जपली. त्या पागोट्याखालच्या मस्तकाची काळजी वाहणे हे आता आपल्याकडे आले आहे.