सोनारानेच टोचावं

जळगावच्या सराफ बाजारात बाळाचे कान टोचतात तेव्हा मांडीवरचं बाळ टाहो फोडतं, सोनार पापणी न लववता तार आरपार नेतो आणि घरी आजी हळद-तेल लावते. साधारण तिसऱ्या शतकातल्या 'कामसूत्रा'त वात्स्यायनाने याच कानांची उपमा भलत्याच अवयवाला दिली आहे. सातव्या अधिकरणात तो सांगतो की दक्षिणेकडचे लोक मुलाचं लिंगही कानासारखंच टोचतात.

पुढची कृती वैद्याच्या वहीत शोभेल अशी. तरुणाने शस्त्राने छेद घ्यावा आणि रक्त येतंय तोवर पाण्यात थांबावं. एक दिवसाआड तुरट काढ्याने जखम धुवावी. वेताच्या आणि कुड्याच्या काड्या चढत्या जाडीने घालत भोक वाढवावं, मध-ज्येष्ठमधाने स्वच्छ करावं. मग शिशाच्या पत्र्याची सुरळी घालावी, बिब्ब्याचं तेल लावावं. शेवटी दागिने: उखळाच्या आकाराचे, कळीसारखे, काटेरी. या साधनांना तो 'अपद्रव्य' म्हणतो.

तंत्र कानाचंच आहे. कान टोचल्यावर दर तीन दिवसांनी आणखी जाड वात घालावी, असं सुश्रुतसंहिताही सांगते. जळगावहून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात बुद्धमूर्तींच्या लांबलेल्या कानपाळ्या पाहा. जड कुंडलांची ती आठवण.

'अपद्रव्य' हा शब्द पुढे अमेरिकेत पोहोचला. 1975 साली जिम वॉर्डने लॉस एंजेलिसमध्ये 'गाँटलेट' हा पिअर्सिंगचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या वर्तुळात शिश्नाच्या टोकातून उभ्या जाणाऱ्या दांडीला हे नाव चिकटलं. वॉर्डचा पाठीराखा डग मॅलॉय याने पिअर्सिंगचा 'इतिहास' सांगणारं पत्रक लिहिलं. त्यातलं बरंचसं रचलेलं होतं, तरी तेच जगभर फिरलं.

म्हणून कुणी 'प्राचीन भारतीय परंपरा' म्हणून हे आपल्या गळ्यात मारलं, तर मूळ ग्रंथ आठवावा. वात्स्यायन 'आपण' म्हणत नाही, 'दाक्षिणात्य' म्हणतो. शिवाय प्रकरण संपवताना बजावतो, की अशा विचित्र गोष्टी ओघात सांगितल्या, पण त्या वर्ज्यच समजाव्यात.

त्याचे उपाय तर मुळीच करू नयेत. शिसं विषारी. बिबा उतला की कातडीचं काय होतं, हे खानदेशात आजीला विचारा. त्याच रात्री संभोग करावा, असंही तो सांगतो. आज मात्र जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, जपावं लागतं. निर्जंतुक सुई, टायटॅनियमचा दागिना, मिठाचं निर्जंतुक पाणी आणि सूज किंवा पू दिसताच डॉक्टर, ही आजची रीत. लाजेपोटी गुपचूप घरी केलेला प्रयोग सर्वांत घातक.

सोनारानेच कान टोचावेत, असं आपल्याकडे म्हणतात. ते फक्त कानांपुरतं नाही.