ताऱ्यांची साक्ष

मागच्या वेळी आपण साक्षीदार विश्वासार्ह केव्हा मानावा, इथपर्यंत आलो होतो. आज तोच प्रश्न मोबाइलला विचारू. ॲपच्या नावाखाली ४.३ असा आकडा असतो. तो नक्की कशाची साक्ष देतो?

तारे देण्याची रीत काही मोबाइलनं आणलेली नाही. मिशलिन ही फ्रान्सची टायर कंपनी १९२६ पासून उपाहारगृहांना तारे देऊ लागली. तिचे निरीक्षक निनावी असतात. पण जेवतात, बिल चुकवतात आणि मग मत देतात. ॲपच्या बाबतीत मत कुणाला, कधी विचारायचं हेच मुळात ठरलेलं नव्हतं.

ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस आयफोनमध्ये एक गंमत आली. ॲप काढून टाकायला गेलात की फोन विचारी, जाता जाता तारे देता का? आता बघा, घर सोडून निघालेल्या भाडेकरूलाच घराबद्दल विचारायचं! ज्यांना ॲप आवडलं ते काढत नव्हते, म्हणून त्यांना कुणी विचारतच नव्हतं. ॲप बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्या. २०१० मध्ये ही पद्धत गेली.

मग लंबक उलट्या बाजूला गेला. खेळात तुम्ही नुकतेच जिंकलात, की लगेच चौकट हजर. त्याहून चलाख युक्ती म्हणजे आधी नुसतं विचारायचं, ‘ॲप आवडलं का?’ हो म्हणालात तर तुम्हाला स्टोअरवर पाठवायचं. नाही म्हणालात तर, ‘आम्हाला ईमेल करा.’ इथं खोटं कुणीच बोललेलं नाही. फक्त नाराज साक्षीदाराला कोर्टाच्या दारातूनच परत पाठवलं आहे. २०१७ मध्ये ॲपलनं स्वतःची चौकट दिली आणि ती एका ॲपला वर्षातून तीनदाच दाखवता येईल असं बंधन घातलं. क्षण कोणता निवडायचा, हे मात्र पुष्कळसं ॲपवाल्याच्याच हाती राहिलं.

थोडं गणित करू. सरासरी साडेचार राखायची असेल, तर एका एक-ताऱ्याची भरपाई करायला सात पंचतारांकित मतं लागतात. मोठ्या कंपनीला हे जाणवत नाही. दोघा-तिघांनी मिळून काढलेल्या ॲपला दहा रागावलेली माणसं जड जातात.

आणि राग योग्य पत्त्यावर जातोच असं नाही. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताला गरीब देश म्हणून हिणवल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्यानं केला. कंपनीनं तो नाकारला. पण आपल्याकडे लोक चिडले, स्नॅपचॅटला एकेक तारा देऊ लागले. आणि काहींनी नावाच्या साम्यामुळे स्नॅपडीललाच शिक्षा केली. ते बिचारं खरेदीचं ॲप!

गूगलनं २०१९ मध्ये ताज्या मतांना अधिक वजन द्यायला सुरुवात केली, २०२१ च्या अखेरीस देशवार आकडे दाखवायला सुरुवात केली. म्हणजे ॲप तेच, पण पुण्यात एक आकडा आणि न्यूयॉर्कमध्ये दुसरा. यात मला फारसं वावगं दिसत नाही.

मला अस्वस्थ करते ती मे २०२० ची घटना. यूट्यूबचे आणि टिकटॉकचे चाहते भांडले आणि भारतात टिकटॉकची सरासरी चारच्या वरून दोनच्याही खाली आली. गूगलनं लाखो मतं पुसली, आकडा पुन्हा चढला. ती मतं ॲपच्या गुणदोषांबद्दल नव्हती, हे मान्य. पण ती देणारी पुष्कळ माणसं खरी होती, त्यांचा रागही खरा होता. ॲप कधी न वापरता दिलेला तारा आणि ॲपवरचा मजकूर पाहून, विचार करून दिलेला तारा, दोन्ही दिसायला सारखेच. ते वेगळे कसे काढले, याचा हिशेब मतदारांपुढे मांडला गेला नाही. दुकान ज्याचं, न्यायाधीशही तोच.

पुढे महिनाभरात, २९ जूनला, केंद्र सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली आणि त्या सरासरीचा वाद तिथंच अर्धा राहिला.